महाराष्ट्रातल्या सगळ्या खासदारांना खुलं पत्र: आमचा ईमेल उघडायच्या आधी इन्कम टॅक्स खात्याबाहेरच्या कुणाची तरी सही घ्या

खासदार साहेब आणि खासदार ताई,

स.न.वि.वि.

लोकसभेत महाराष्ट्राच्या 48 जागा आणि राज्यसभेत 19, आणि हे पत्र पक्ष न बघता सगळ्यांनाच लिहितोय, कारण विषय आहे नव्या इन्कम टॅक्स कायद्याने धाडीत ईमेल, फोन उघडायचा जो अधिकार खात्याला दिला त्याचा, आणि तो असा की सत्ताधाऱ्यांनी त्याला हो म्हटलं आणि विरोधक तेव्हा दुसऱ्याच मुद्द्यावर घोषणा देत होते, त्यामुळे कुणा एकाला बाजूला काढता येत नाही.

मी इचलकरंजीत हिशेब लिहायची आणि रिटर्न भरायची कामं करतो. गिऱ्हाईक म्हणजे लूमवाले, सायझिंगवाले, सूत व्यापारी, दोन-चार डॉक्टर. गेले काही महिने जो येतो तो एकच विचारतो, अहो आता व्हॉट्सॅप पण बघणार म्हणे इन्कम टॅक्सवाले, खरं काय? एका सूत व्यापाऱ्याने तर विचारलं की घरच्या ग्रुपमधून बाहेर पडू का. बायको काय म्हणेल ते तुम्हीच बघा म्हटलं, पण माणूस खरोखर घाबरलेला होता.

तर आधी जे खोटं आहे ते बाजूला काढतो. 1 एप्रिल 2026 पासून सरकार सगळ्यांचे मेसेज वाचणार असा जो फॉरवर्ड फिरतोय तो चुकीचा आहे. डिसेंबर 2025 मध्ये सरकारची बाजू मांडणाऱ्या पीआयबीनेही खुलासा केला की हे अधिकार फक्त सर्च (म्हणजे धाड, झडती) आणि सर्व्हे (म्हणजे धंद्याच्या जागी येऊन तपासणी) यांच्या कारवाईपुरते आहेत, रोज उठून कुणाचं फेसबुक बघायचे नाहीत. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. पण मग पुढचा प्रश्न येतो, बरं मग सर्च झाली तर काय काय उघडू शकतात, आणि कुणाला विचारून? इथे माझ्याकडे त्यांना धीर देण्यासारखं काही नाहीये, म्हणून तुम्हाला लिहितोय.

इन्कम टॅक्स कायदा 2025, कलम 247. जुन्या 1961 च्या कायद्यात 132 होतं त्याच्या जागी हे आलं. जुन्यात दार, पेटी, लॉकर, तिजोरी, कपाट यांची किल्ली मिळाली नाही तर कुलूप तोडायचा अधिकार होता. तो नव्यातही आहे, पण त्याच्याच शेजारी एक भर घातलीय. कॉम्प्युटरचा किंवा 'व्हर्च्युअल डिजिटल स्पेस'चा पासवर्ड मिळत नसेल तर तो डावलून आत शिरता येईल. आता ही स्पेस म्हणजे काय तर कलम 261 मध्ये लिहिलंय, ईमेल सर्व्हर, सोशल मीडिया अकाउंट, ऑनलाइन इन्व्हेस्टमेंट, ट्रेडिंग आणि बँक अकाउंट, क्लाउड, ॲप, आणि एवढं सगळं मोजून झाल्यावर शेवटी 'अशाच प्रकारची इतर कुठलीही जागा'. म्हणजे व्याख्येला तळच ठेवला नाही. उद्या जे ॲप निघेल तेही यात आलंच.

सरकारचं म्हणणं साधारण असं की पूर्वी कपाट फोडत होतो, आता कपाटं ऑनलाइन गेली, अधिकार तोच आहे. ऐकायला बरं वाटतं. पण साहेब, गिऱ्हाइकाच्या कपाटात काय असतं तर वह्या, चिठ्ठ्या, थोडी कॅश, सोनं, जागेचे कागद. त्याच्या ईमेलमध्ये आणि फोनमध्ये पंधरा वर्षं आहेत. बायकोचे रिपोर्ट, भावाशी वाटणीवरून झालेली भांडणं, मुलीच्या लग्नासाठी आलेली स्थळं, त्यांच्या पत्रिका, वकिलाला विचारलेला सल्ला, कुठल्या पक्षाला शिव्या घातल्या ते, रात्री दोन वाजता गूगलला काय विचारलं ते. आणि हे फक्त त्याचं नाहीये. डॉक्टरच्या फोनमध्ये पेशंट आहेत, पत्रकाराच्या फोनमध्ये त्याला माहिती देणारे आहेत, माझ्या फोनमध्ये माझी सगळी गिऱ्हाइकं आहेत. संशय एकावर आणि उघडे पडणार दोन-पाचशे लोक, ज्यांना ना नोटीस ना पत्ता.

पैसे लपवणारे फोन वापरतात हे मलाही कळतं, याच धंद्यात केस पांढरे झाले. अर्थमंत्र्यांनी मार्च 2025 मध्ये लोकसभेत उदाहरणंच दिली होती, मोबाईलवरच्या मेसेजमधून 250 कोटींची बेहिशेबी रक्कम सापडली, गूगल मॅप्सच्या हिस्टरीवरून कॅश ठेवायची ठिकाणं कळली, इन्स्टाग्रामवरून बेनामी मालमत्तेचा माग लागला. छान काम झालं, टाळ्या. पण भाषणात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली, हे सगळं जुना कायदा असताना झालं. जुन्या कायद्यात 2002 पासूनच कलम होतं की इलेक्ट्रॉनिक हिशेब ज्याच्या ताब्यात आहेत त्याने ते अधिकाऱ्याला बघायची सोय करून द्यायची, नाही दिली तर दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे आधीच खात्याचा हात बराच लांब होता.

आता मुद्द्यावर येतो, सही कुणाची. सर्चला येणारी टीम एक कागद दाखवते, त्यावर वॉरंट असं लिहिलेलंही असतं, आणि तो बघायचा तुम्हाला हक्क आहे. पण तो कागद न्यायाधीशाचा नसतो. त्यावर त्याच खात्यातल्या मोठ्या साहेबाची सही असते. ज्यांनी संशय घेतला ते, ज्यांनी परवानगी दिली ते आणि ज्यांनी दार वाजवलं ते, तिघांचा पगार एकाच बिलातून निघतो. बरं, संशय कशावरून घेतला ते तरी सांगा म्हणाल, तर तेही नाही. 2017 च्या फायनान्स ॲक्टने अशी दुरुस्ती केली की सर्चमागची कारणं कुणालाही, अगदी टॅक्सची अपिलं ऐकणाऱ्या अपिलेट ट्रिब्युनललाही सांगायची गरज नाही, आणि ही दुरुस्ती 1962 पासून लागू धरली. पंचावन्न वर्षं मागे जाऊन! नव्या कायद्यातही तो नियम तसाच आणलाय.

आणि समजा सर्च बेकायदा ठरली, तरी सापडलेला पुरावा बाद होत नाही. पूरणमल केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने डिसेंबर 1973 मध्येच सांगून ठेवलंय की झडती बेकायदा असली तरी तेवढ्यावरून त्यात मिळालेला पुरावा नाकारता येत नाही, आणि ती केस इन्कम टॅक्सच्याच धाडीची होती. तेव्हा पुरावा म्हणजे वह्या होत्या हो. आज त्याच निकालाच्या आधारावर कुणाचं अख्खं जीमेल टेबलावर येऊ शकतं. म्हणजे आत शिरताना कुणी बाहेरचा माणूस अडवत नाही आणि चुकून शिरलात तरी काही बिघडत नाही, मग अधिकाऱ्याने हात आखडता का घ्यावा, मी असतो तरी घेतला नसता.

सर्चमध्ये माणसाचे काही हक्क असतात, त्याची सनदच आहे, आणि ती वाचली की बरं वाटतं असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. दोन पंच हवेत, परिसरातले, प्रतिष्ठित. घरातल्यांना वेळेवर जेवू द्यायचं. मुलांना दप्तर तपासून शाळेत जाऊ द्यायचं. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, अब्रू सांभाळून. कुणीतरी कधीतरी घरातल्या माणसांचा विचार करून हे लिहिलंय हे दिसतं. मग त्याच घरातल्या सुनेचा फोन कुणी बघायचा, गॅलरी किती उघडायची, यावर नव्या कायद्यात एक ओळ का नाही? तिच्या अंगाला हात लावायला महिला अधिकारी लागते आणि तिचे फोटो मात्र कुणीही चाळावेत? आणि ते दोन पंच, आमच्याकडे पंच म्हणजे शेजारचा किराणावाला नाहीतर रिटायर्ड मास्तर, ते कपाटातून काढलेल्या नोटा मोजताना बघू शकतात. लॅपटॉपवर कुठला सर्व्हर उघडला, त्यातून काय कॉपी केलं, काही टाकलं तर नाही, यात त्यांनी काय बघायचं आणि पंचनाम्यावर सही कशाच्या जिवावर करायची?

हे शेवटचं जरा टेक्निकल आहे पण महत्त्वाचं आहे. हार्ड डिस्क जप्त केली की तिची हुबेहूब कॉपी काढतात आणि हॅश व्हॅल्यू नावाचा एक लांबलचक आकडा नोंदवतात, डिस्कमधलं एक अक्षर बदललं तरी आकडा बदलतो, त्यामुळे नंतर कुणी घोळ केला तर पकडता येतो. नव्या साक्ष अधिनियमात तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या सर्टिफिकेटवरच हॅश लिहावी लागते. पण चालू ईमेल किंवा क्लाउड अकाउंट थांबलेलं नसतं, तुम्ही बघत असतानाच त्यात मेल येत असतात, न वाचलेलं वाचलेलं होतं, फाइल सिंक होते. काढलेल्या कॉपीची हॅश निघेल, पण कॉपी काढायच्या आधी आत काय होतं त्याची निघणार नाही. पासवर्ड डावलून शिरल्यावर नेमकं काय केलं हे फक्त शिरणाऱ्यालाच माहीत. अशा ठिकाणी तर बाहेरचा माणूस जास्तच लागतो.

आता तुमच्यातले काही म्हणतील, लपवायचं काही नसेल तर घाबरता कशाला. हे कुणीही म्हणावं पण महाराष्ट्रातल्या राजकारण्यांनी म्हणू नये. नाना पटोले, संजय राऊत, एकनाथ खडसे यांचे फोन टॅप झाल्याच्या आरोपांवरून 2022 मध्ये पुण्यात आणि कुलाब्यात गुन्हे दाखल झाले, त्यात आरोप असाही होता की परवानगी मागताना नावं भलतीच घातली, आणि 2023 मध्ये हायकोर्टाने ते गुन्हे रद्दही केले. खरं काय खोटं काय त्यात मी पडत नाही. पण तेव्हा विधानसभेत आणि टीव्हीवर सगळ्या पक्षांनी जो आरडाओरडा केला तो याच गोष्टीवर होता ना, की परवानगी कुणी दिली आणि देताना नीट बघितलं का? तुमच्यासाठी तो प्रश्न रास्त आणि आमच्यासाठी नाही असं कसं चालेल.

परवानगी देणारा नीट बघत नाही हे मी मनाने म्हणत नाहीये. फोन टॅपिंगला निदान काही चौकट तरी आहे, पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 1996 मध्ये ती घालून दिली, गृहसचिवांची परवानगी आणि वर रिव्ह्यू कमिटी. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या (आयटी ॲक्ट, इन्कम टॅक्स नव्हे) कलम 69 खाली ऑनलाइन संदेश अडवून वाचायचे 2009 चे नियम आले तेही त्याच धर्तीवर, सचिव परवानगी देणार आणि सचिवांचीच कमिटी ती तपासणार. न्यायाधीश कुठेच नाही. याचं पुढे काय झालं ते न्यायमूर्ती श्रीकृष्णांच्या डेटा संरक्षणावरच्या समितीने 2018 मध्ये लिहून ठेवलंय, हो तेच श्रीकृष्ण ज्यांनी मुंबई दंगलीची चौकशी केली. त्यांच्या अहवालात आहे की केंद्राकडून महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश निघतात आणि कमिटी दोन महिन्यांनी बसते, म्हणजे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश तपासायचे. चहा न पिता बसले तरी होणार नाही. आणि इन्कम टॅक्सच्या 247 ला तर बाहेरची असली कमिटीसुद्धा नाही.

पोलिसांचंही तसंच आहे, तेवढ्यात तेही सांगून टाकतो. 1 जुलै 2024 पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्यातल्या कलम 94 प्रमाणे पोलीस स्टेशनचे पीआय लेखी आदेश काढून कुणाकडूनही इलेक्ट्रॉनिक संदेश किंवा फोनसारखी उपकरणं मागवू शकतात. आणि पुढचंच कलम 95 म्हणतं की टपाल खात्याच्या ताब्यातलं पत्र किंवा पार्सल हवं असेल तर जिल्हा दंडाधिकारी, चीफ ज्युडिशियल मॅजिस्ट्रेट, सेशन कोर्ट किंवा हायकोर्टाला ते गरजेचं वाटलं पाहिजे. लागोपाठची दोन कलमं! आजोबांच्या पोस्टकार्डासाठी मॅजिस्ट्रेट आणि नातवाच्या फोनसाठी पीआय. 2023 च्या पोस्ट ऑफिस कायद्याने टपाल अडवायचा वेगळा अधिकार सरकारला दिलाच आहे, त्यामुळे पोस्टकार्डानेही फार निवांत राहू नये, पण निदान एका कायद्यात तरी पत्राचा मान राहिलाय.

जिथे कोर्टासमोर गोष्ट जाते तिथे फरक पडतो याचा पुरावा आपल्या मुंबईत आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई हायकोर्टाने सीबीआयच्या एका लाचेच्या केसमधले फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न यातलं काहीच नसताना ते काढले होते म्हणून, आणि टॅप केलेलं सगळं नष्ट करायला लावलं. त्यात कोर्टाने 2017 च्या पुट्टस्वामी निकालाचा आधार घेतला, नऊ न्यायाधीशांनी एकमताने दिलेला, प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगणारा, सरकारला आत डोकवायचं असेल तर कायदा हवा, रास्त कारण हवं आणि गरजेपुरतंच डोकवायला हवं असं म्हणणारा. तो निकाल 24 ऑगस्ट 2017 चा. नव्या इन्कम टॅक्स कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली 21 ऑगस्ट 2025 ला. आठ वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

आणि तो पास कसा झाला ते तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, तुम्ही तिथेच होता. 31 जणांची प्रवर समिती बसली, 285 शिफारशी केल्या, बऱ्याच कामाच्याही होत्या, पण 247 मधली ही भर तशीच राहिली. 11 ऑगस्टला लोकसभेत विरोधक बिहारच्या मतदार यादीवरून गोंधळ घालत होते, तो विषयही महत्त्वाचाच, पण त्या गोंधळात 536 कलमांचं विधेयक चर्चेशिवाय आवाजी मतदानाने मंजूर झालं. मला एका दुकानाचं बॅलन्स शीट तपासायला याहून जास्त वेळ लागतो.

बरं मागणं काय आहे, तर फार मोठं नाहीये. खात्याने धाडी टाकू नयेत असं मी म्हणतच नाही, टाका, आमच्या गावात काही ठिकाणी टाकायलाच हव्यात. फक्त ईमेल, क्लाउड, सोशल मीडिया उघडायच्या आधी मॅजिस्ट्रेटकडे किंवा जिल्हा न्यायाधीशांकडे जा. संशय कशावरून ते त्यांना बंद पाकिटात सांगा, आम्हाला नका सांगू. कुठलं अकाउंट, कुठल्या वर्षांचं, कशाशी संबंधित, हे आदेशात लिहून घ्या. जे संबंध नसलेलं आहे ते परत करा किंवा पुसा आणि पुसलं असं लिहून द्या. डॉक्टर, वकील, पत्रकार यांच्यासाठी वेगळा नियम करा.

यावर ठरलेलं उत्तर मला माहितीय, की कोर्टात जाईपर्यंत माणूस सगळं डिलीट करेल. एक तर डिलीट होऊ नये म्हणून डेटा आहे तसा गोठवायला लावणं आणि तो उघडून वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गोठवायचा आदेश खात्याच्या साहेबांनी लगेच द्यावा, वाचायला कोर्टाची परवानगी आणावी. आणि दुसरं, आपल्याकडे कुणालाही अटक केली की 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, घटनेतच आहे, कलम 22. दिवाळी असो, रविवार असो, सुट्टीचं कोर्ट असतं, नाहीतर आरोपीला घेऊन पोलीस मॅजिस्ट्रेटच्या बंगल्यावर जातात. गेली पंचाहत्तर वर्षं हे चाललंय आणि त्यामुळे तपास बंद पडले नाहीत. मग एका कागदासाठी मॅजिस्ट्रेट का सापडू नये? अगदीच घाई असेल तर आधी उघडा आणि दोन दिवसांत मंजुरी घ्या, नाही मिळाली तर मिळवलेलं वापरायचं नाही, एवढं तरी लिहा.

अमेरिकेत सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये रायली केसमध्ये सगळ्या न्यायाधीशांनी मिळून सांगितलं की अटक केलेल्या माणसाचाही फोन वॉरंटशिवाय चाळायचा नाही. तिकडे सगळं आदर्श आहे असं मुळीच नाही. पण तिथल्या पोलिसांनाही चोर पकडायचेच असतात आणि त्यांचं काम चाललंय. आपल्या सुप्रीम कोर्टानेही नोव्हेंबर 2023 मध्ये पत्रकारांच्या संघटनेच्या याचिकेवर केंद्राला सुनावलं होतं की फोन-लॅपटॉप जप्तीसाठी नियमावली करा. केंद्राने तोवर सीबीआय मॅन्युअल पाळू म्हणून सांगितलं. मॅन्युअल म्हणजे कायदा नव्हे हे तुम्हाला मी सांगायला नको.

डेटा संरक्षण कायदा आहे ना, त्यात जा असंही कुणी म्हणेल. 2023 च्या त्या कायद्याचं कलम 17 वाचा. केंद्र सरकार ज्या सरकारी यंत्रणेचं नाव अधिसूचित करेल तिला देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी तो कायदाच लागू नाही, आणि गुन्ह्याच्या तपासासाठी आणखी वेगळी सूट. माझ्या गल्लीतल्या क्लासवाल्याने मुलांचे नंबर दुसऱ्याला दिले तर त्याला तो कायदा दाखवता येईल. सरकारला नाही.

अधिवेशन सुरू झालं की तुमच्यापैकी एकाने तरी अर्थ मंत्रालयाला लेखी प्रश्न विचारावा. कलम 247 खाली किती ठिकाणी पासवर्ड डावलून अकाउंटं उघडली, त्यातल्या किती केसमध्ये त्यातून खरोखर करचुकवेगिरी सिद्ध झाली, संबंध नसलेल्या डेटाचं काय केलं, तो कुठल्या सर्व्हरवर पडून आहे आणि तो बघायचा अधिकार कुणाकुणाला आहे. नावं नकोत, नुसते आकडे द्या, दरवर्षी द्या. आणि ज्यांना याहून जास्त करायची इच्छा असेल त्यांनी 247 मध्ये दुरुस्तीचं खासगी विधेयक आणावं. ते पास होत नाही हे मलाही माहीत आहे, पण निदान चर्चा तरी कामकाजात नोंदली जाईल, 2025 मध्ये तीच झाली नाही. खासगी विधेयकं शुक्रवारी दुपारी असतात, तेव्हा मतदारसंघात परतायची विमानं असतात हेही माहीत आहे. एका शुक्रवारी उशिराच्या विमानाने या.

कळावे,
आपला एक मतदार,
इचलकरंजी

ता.क. हे पत्र आपल्या मतदारसंघातल्या खासदारांना पाठवायचं असेल त्यांनी खुशाल पाठवा, माझं नाव नको, गाव तुमचं घाला. पण सोबत तो '1 एप्रिलपासून सगळ्यांचे मेसेज वाचणार' वाला फॉरवर्ड जोडू नका, नाहीतर मंत्रालय त्या फॉरवर्डचा खुलासा करून मोकळं होईल आणि 247 चा प्रश्न तसाच राहील.